मोठ्याने परत म्हण

३ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र तुझ्या हातात पडण्याआधी पत्रं तपासणारे तुरुंगातले साहेब वाचणार, तेव्हा आधी त्यांना नमस्कार. साहेब, यात करवत नाही, दोरखंड नाही. एका थोरल्या बहिणीची कटकट आहे, तेवढी वाचा आणि पुढे सोडा.

आता तुला. वर्ष होत आलं आपण बोललो नाही. निकाल लागला त्या दिवशी मी कोर्टाच्या दाराशी उभी होते आणि तू माझ्याकडे ढुंकूनही न बघता गाडीत चढलास. मी राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत नोकरी करते, त्याच कचेरीतून आलेल्या फोनपायी तू आत गेलास, आणि मी राजीनामा तोंडावर फेकला नाही, एवढा माझा गुन्हा. बरं. फेकला असता तर तुझ्या बायकोने आणि तुझ्या लेकीने, चिमणीने, माझ्या घरात काय खाल्लं असतं, तेही एकदा सांग.

पत्र तपासणाऱ्या साहेबांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. माझा भाऊ जिल्ह्याचा अधिकारी होता. बंदरावर संप चालला होता. इथून फोन गेला, संपवाल्यांच्या वस्तीचं पाणी तोडा. आमचे बाबा सिग्नलच्या केबिनमध्ये होते. तिथे फोनवरून आलेला हुकूम मोठ्याने परत म्हणायचा नियम असतो, कारण चुकीचं ऐकलं तर गाडीवर गाडी जाते. बाबांनी तो नियम घरातही आणला. साखर आण म्हटलं तर ‘साखर आणतो’ असं म्हणूनच उंबरा ओलांडायचा. याने फोनवर तेच केलं. ‘वस्तीचं पाणी बंद करतो, हुकूम लेखी पाठवा,’ असं भर कचेरीत खणखणीत बोलला. लेखी काही आलं नाही. पाणी मात्र याने तोडलं. दुसऱ्या दिवशी वस्तीत आग लागली, बंब आले आणि नळाला थेंब नाही. एक माणूस होरपळून गेला. मग कोर्टात राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीने हात वर केले. असा फोन झालाच नाही म्हणे. याच्या खोलीतल्या इंजिनियरपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे म्हणाले, आम्ही काही ऐकलं नाही. इंजिनियरला पुढे बढती मिळाली. असो.

आता मी लिहायला का बसले ते. माझी बदली झाली. इतकी वर्षं मी मेजवानीला कोणत्या देशाचा पाहुणा कोणाशेजारी बसवायचा ते बघत होते. आता मला दयाअर्ज कक्षात टाकलंय. शिक्षा झालेल्यांचे माफीचे अर्ज इथे येतात, आम्ही टिपण करतो, आणि माफ करायचं की नाही ते अध्यक्ष ठरवतात. मोठी खिडकी, हात टेकायची खुर्ची, पगारात वाढ. मी काही मागितलं नव्हतं. या इमारतीत न मागता कोणाला पंखासुद्धा मिळत नाही. मनात पाल चुकचुकली ती अजून गप्प बसलेली नाही.

खोलीत आम्ही चौघं. दाराशी मिशीवाले टंकलेखक, त्यांना निवृत्तीची घाई झालीय. एक शिपाईमामा. आणि माझ्या अगदी समोर एक चष्मेवाली. जाड भिंगं, कमी बोलणं. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, ‘तुमचे भाऊ कसे आहेत?’ मी तिला भावाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. ही बाई माझ्यावर नजर ठेवायला बसवली आहे, याची मला खात्री आहे.

तू माफीचा अर्ज केला आहेस का? केला असशील तर सरळ सांग. इथे मला अंधारात ठेवू नकोस.

ताई


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. ‘अर्ज केलेला नाही, करणार नाही. खुर्ची सोडलीस की पुढचं पत्र लिही.’ वा. वर्षभराने एवढं कार्ड, आणि त्यातही टोमणा. लहानपणी भांडण झालं की तू माझ्या वेणीला गाठी मारायचास, तसाच आहेस अजून. मी खुर्ची सोडलेली नाही आणि पत्रही लिहितेय. काय करशील?

ऐक. तुझी वकीलबाई घरी आली होती. वरच्या कोर्टाने तुझं अपील ऐकायला घेतलंय, आणि तो फोन ज्यांचा होता त्या आमच्या सचिवसाहेबांना सहा मार्चला साक्षीला बोलावलंय. फोन झाला की नाही, झाला तर कोणाच्या सांगण्यावरून, हे शपथेवर विचारणार. तुझी बायको ते ऐकून रडायलाच लागली. बरं वाटलं म्हणून नाही. ती म्हणाली, आता हे लोक त्यांना जिवंत ठेवतील का? मी तिला झापलं. झापलं खरं, पण त्या दिवसापासून दाराची कडी मी दोनदा तपासते.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक फाइल. वर तुझं नाव. माफीची. अर्ज नाही, विनंती नाही, काही नाही. मी मिशीवाल्यांना विचारलं, अर्जाशिवाय फाइल कशी उघडली? ते म्हणाले, ‘वरून आलीय.’ इथे सगळं वरून येतं. खरं तर अध्यक्षांचे गुडघे दुखतात म्हणून ते तळमजल्यावर बसतात आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, पण हुकूम मात्र वरूनच येतो. मी म्हटलं, पण अर्जाशिवाय चालतं? तर म्हणाले, ‘माफी हा अध्यक्षांचा स्वतःचा अधिकार. का दिली, कोणाला दिली, कोणी विचारू शकत नाही. कोर्टसुद्धा नाही.’ आणि मिशीवरून हात फिरवत परत टाइप करायला लागले.

सैन्य त्यांचं, नेमणुका त्यांच्या, संसद बसलेली नसली की कायदाही त्यांचाच. हे सगळं शाळेत पाठ केलं होतं आपण. पण दया करायचा अधिकार एवढा भीतीदायक असेल हे मला कधी वाटलं नव्हतं. कोणी मागितली नसताना दया आली, आणि ती नेमकी सचिवसाहेबांना समन्स गेल्यावर आली. इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

चष्मेवालीची मी परीक्षा घेतली. तिला म्हटलं, मी तर राजीनामा खिशात घेऊनच फिरते. धादांत खोटं. म्हटलं, आता हे किती वेळात खाली पोचतं ते बघू. आठवडा झाला, कोणी काही बोललं नाही. म्हणजे बाई पक्की आहे. योग्य वेळेसाठी राखून ठेवलंय.

चिमणीचा दात पडला. तो तुला पाठवायचा होता तिला. तुरुंगात दात घेत नाहीत असं मी सांगितलं, तर म्हणाली, ‘मग बाबा जेवतो कशाने?’

ताई


२० फेब्रुवारी

धाकट्या,

आज सचिवसाहेब स्वतः वर आले. तीन जिने चढून. या माणसाने आजवर मला नावाने हाकही मारली नव्हती, आणि आज माझ्यासाठी खुर्ची ओढली. चहा मागवला. त्यांचा आवाज तुला माहीतच आहे. कानाने कमी ऐकतात म्हणून बोलतात ते सभेत बोलल्यासारखं. त्यांचा फोन आला की आम्ही सगळे रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरतो, नाहीतर कानाचे पडदे जातील. तर दबक्या आवाजात बोलायचं म्हणून जे बोलले ते जिन्यावरच्या शिपायालाही ऐकू गेलं असेल.

म्हणाले, अध्यक्षांचं मन मोठं आहे. तरुण अधिकारी, हातून चूक झाली, लहान मुलगी आहे. मोकळा होऊ दे. अट एकच. माफी स्वीकारताना त्याने लिहून द्यायचं, की पाणी मी माझ्या स्वतःच्या निर्णयाने बंद केलं, मला कोणाचाही हुकूम नव्हता. सही झाली की शिक्षा संपली, अपील संपलं. सहा तारखेला कोर्टात जायचं कारणच उरत नाही.

‘कोणाचं कारण उरत नाही, साहेब?’ मी विचारलं.

‘कोणाचंच,’ ते म्हणाले आणि हसले. मग उठता उठता म्हणाले, ‘तुम्ही समजवा त्याला. थोरल्या बहिणीची कटकट कधी कधी कामी येते.’

धाकट्या, हे शब्द मी आजवर एकाच ठिकाणी लिहिलेत. कुठे ते तुला ठाऊक आहे, आणि तुरुंगातल्या साहेबांनाही. तेव्हा आता नमस्काराला एक माणूस वाढला. सचिवसाहेब, नमस्कार. अक्षर लागतंय ना?

ते जिना उतरेपर्यंत मला सगळं लख्ख कळलं. खिडकी, खुर्ची, पगार. मला बढती दिली नव्हती. तुझ्यापर्यंत पोचायला त्यांना एक हात हवा होता, तो त्यांनी उचलून टेबलाशी आणून बसवला. पाहुण्यांना कोणाशेजारी बसवायचं हे जन्मभर मी ठरवलं आणि मला कुठे बसवलं जातंय ते मला कळलं नाही.

आणि तरीही खरं सांगू? घरी आले, तुझी बायको भाजी चिरत होती, तिला सगळं सांगितलं. ती सुरी ठेवून म्हणाली, ‘ताई, सही करायला सांगा ना. खरंखोटं गेलं खड्ड्यात. मला माणूस हवाय.’ मलाही माणूस हवाय. तू पुढच्या खोलीत पेपर पसरून बसलास आणि मी त्यावरून तुझ्यावर खेकसले, एवढंच मला पाहिजे. अजून सात वर्षं आहेत रे तुझी. चिमणी तोवर माझ्या खांद्याला लागेल.

काय करू, मला कळत नाही. तू सांग.

ताई


२८ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. त्यातल्या तीन ओळी शाईने काळ्या केल्या होत्या. उरलेल्या वाचल्या, आणि पुन्हा वाचल्या. ‘रोज त्या माणसाचा विचार येतो. हात माझेच होते ताई, ते मी नाकारत नाही. त्याची शिक्षा भोगीन. पण आवाज माझा नव्हता. एवढंच कोर्टात सांगायचंय.’

अध्यक्ष फार दयाळू आहेत. सचिवसाहेबही आपल्या घराची काळजी घेतात. मी नीट विचार केला आहे. भावनेच्या भरात काही करू नकोस. सही करावी असं मला वाटतं. घरी सगळे तुझी वाट पाहत आहेत. कोर्टकचेरीत कोणाचं भलं झालंय?

कचेरीतलं वातावरण उत्तम आहे. नवी खुर्ची आता अंगवळणी पडली. चष्मेवाली बाई आजही माझ्याकडे बघत असते. बघू दे.

मी बाबांनी शिकवलं तशी वागते आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई


३ मार्च

धाकट्या,

हे पत्र वकीलबाईंच्या पर्समधून येतंय, तेव्हा आज कोणाला नमस्कार नाही. तू एकट्याने वाच.

मागच्या पत्रातलं गोड गोड सगळं सचिवसाहेबांसाठी होतं. ते वाचतात हे कळल्यावर मी त्यांना खूश करायचं ठरवलं. माणूस खूश असला की सैल बोलतो. एवढंच खोटं नव्हतं त्यात. घरी सगळे वाट बघताहेत, ते खरं.

तुझं कार्ड मी तुझ्या बायकोलाही दाखवलं. तिने ते हातात धरलं, वाचलं. मग म्हणाली, ‘सही करून घरी आले तरी हे इथे येणार नाहीत. त्या फोनपाशीच बसून राहतील.’ आणि उठून चिमणीची वेणी घालायला गेली. तेव्हा माझं ठरलं.

आज सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला. साहेब. मी नेहमीसारखा रिसीव्हर वीतभर लांब धरला. मिशीवाले टाइप करत होते, शिपाईमामा कपाटापाशी गठ्ठे बांधत होते, चष्मेवाली कागदात डोकं घालून बसली होती.

साहेब म्हणाले, ‘काय झालं सहीचं? दिवस किती उरलेत? उद्या गाडी देतो, तुम्ही स्वतः जा आणि घेऊन या.’

मी म्हटलं, ‘जाते साहेब. पण तो हट्टी आहे. मला विचारेल, एवढी घाई का? त्याला काय सांगू?’

‘त्याला काय सांगायचं ते तुम्ही बघा. मला त्या पिंजऱ्यात उभं राहायचं नाही, एवढं कळलं ना? त्या फोनचा विषय निघता कामा नये. माझं नाव आलं की पुढचा प्रश्न अध्यक्षांचा.’

मी उठून उभी राहिले. खुर्चीत बसून ते तोंडातून निघालं नसतं. आणि केबिनमध्ये बाबा म्हणायचे तसं, एकेक शब्द सुटा करून, खोलीभर ऐकू जाईल असं म्हटलं, ‘हुकूम परत म्हणते, साहेब. सहा तारखेच्या आत माझ्या भावाची सही आणायची, म्हणजे वस्तीचं पाणी तोडायचा फोन तुम्ही अध्यक्षांच्या सांगण्यावरून केला होता, हे कोर्टात निघणार नाही. बरोबर?’

‘हो हो, बरोबर, किती वेळा तेच तेच,’ साहेब ओरडले. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले. ‘तुम्ही हे मोठ्याने का म्हणालात?’

‘वडिलांची सवय आहे साहेब,’ मी म्हटलं. ‘भावालाही आहे.’

त्यांनी फोन ठेवला.

तुझ्या खोलीत त्या दिवशी काय झालं असेल, ते मला आज कळलं. इतके दिवस मी समजत होते, ते लोक भित्रे होते, विकले गेले होते. तसं काही नसतं रे. मिशीवाल्यांनी मान वर केली नाही, पण टाइपही करेनात. शिपाईमामा बांधलेला गठ्ठा सोडून परत बांधायला लागले. कोणी वाईट माणसं नाहीत ती. मिशीवाल्यांनी परवाच चिमणीसाठी रंगीत पेन्सिली दिल्या होत्या. त्यांना फक्त ती वेळ टळायला हवी होती. मी उभीच होते. वाटलं, झालं, आता माझ्याही वाट्याला हेच. उद्या हे म्हणतील, आम्ही काही ऐकलं नाही, आणि धाकट्या, मग तुझी ताईही तुझ्याच ओळीत.

चष्मेवालीने चष्मा काढला. पदराने पुसला. परत लावला नाही, तसाच टेबलावर ठेवला, आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या साधारण दिशेला बघून म्हणाली, ‘मी ऐकलं. त्यांचं हो पण ऐकलं. तुमच्या वकीलबाईंना सांगा, मी येते.’

मी इतकी गोंधळले की भलतंच बोलून गेले. म्हटलं, ‘पहिल्या दिवशी तुम्ही भावाची चौकशी केलीत. तुम्हाला कसं माहीत होतं?’

‘पेपरात तुमचं नाव आलं होतं की,’ ती म्हणाली. ‘मी म्हटलं, बाई एकटी पडली असेल. पण तुम्ही माझ्याशी धड बोललाच नाहीत.’

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. आमच्या खोलीतल्या एकुलत्या एक चांगल्या माणसावर मी महिनाभर पाळत ठेवून होते. मी तिला विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, ‘वाटते ना. पण मला दिसत कमी असलं तरी ऐकू चांगलं येतं. आता ते आलंच नाही असं कसं म्हणू?’

मिशीवाले तेवढ्यात उठून बाहेर गेले. ते खाली सांगायला गेले की नुसतेच चहाला, मला माहीत नाही. आता जे व्हायचं ते होवो. दुपारी मी वकीलबाईंना भेटले, चष्मेवालीही बरोबर आली. दोघींचे जबाब लिहून झाले. कोर्ट ते घेईल का, सचिवसाहेब काय पवित्रा घेतील, तुझी शिक्षा कमी होईल की वाढेल, यातलं काही वकीलबाईंनाही सांगता येईना. त्या एवढंच म्हणाल्या, की सही झाली तर मात्र सगळं संपलं. उद्या ते दुसऱ्या कोणाला पाठवतील. कदाचित साहेब स्वतः येतील आणि तुझ्यासाठीही खुर्ची ओढतील. चहा पी. सही करू नकोस.

मी तुझी थोरली बहीण आहे, तेव्हा आता नियमाप्रमाणे हे मोठ्याने परत म्हण. कोठडीतले चार लोक ऐकतील असं म्हण. ‘सही करणार नाही.’ म्हटलंस?

आणि त्या तुझ्या कार्डाचं उत्तर राहिलं होतं. खुर्ची सोडलीस की लिही म्हणाला होतास. उद्या ती माझ्याखाली राहील की नाही, कोण जाणे. पण सहा तारखेला मी कोर्टात येतेय, साक्षीदार म्हणून. वकीलबाईंना विचारून घेतलं, पिंजऱ्यात उभंच राहावं लागतं. तिथे खुर्ची नसते.

ताई